मंगळवारचा पहिला तास

कुंदा,

परवा आपल्या विभागात तुझी शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसला प्रकार. एकामागून एक उठत होते, हिंदीतून तुझं कौतुक करत होते आणि खाली बसून मोबाइल पाहत होते. सगळ्यात शेवटी आपले विभागप्रमुख सर बोलले. दोन्ही हात जोडून, डोळे मिटून म्हणाले, "इतनी तकलीफ़ में भी मैडम ने कभी शिकायत नहीं की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत तुझी आई बसली होती. ती माझ्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "हे कोनाबद्दल बोलून राह्यले व?"

मला तिथेच हसू फुटलं असतं. तोंडाला पदर लावला तर लोकांना वाटलं मी रडते आहे. टेबलावर तुझा फोटो होता, ओळखपत्रासाठी काढलेला. फोटोवाल्याने "मुस्कुराइए मैडम" म्हटलं म्हणून तू मुद्दाम हसली नव्हतीस, तोच. त्याला हार घातला होता आणि हारातून तू अशी बघत होतीस की आता उठून सरांच्या भाषणातल्या चुका काढशील. तू तक्रार केली नाहीस! अगं, कुलसचिवांच्या कार्यालयातला बाबू तुझी चप्पल आवाजावरून ओळखायचा. तू जिन्यात असतानाच तो चहाला निघून जायचा.

म्हणून हे लिहायला बसले. तुझ्याबद्दल नाही लिहीत, तुझ्याबद्दल त्या दिवशी बरंच बोलून झालं. तुझ्याशीच बोलते. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि मला अजून ते सोडायचं नाही.

सुरुवात किती साधी होती ते आठवतं? तुझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली, हे कळून पहिला धक्का ओसरला होता. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दवाखान्याने तुला यंत्र दिलं मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, सकाळी सात ते अकरा. ती वेळ तुझ्या हातात नव्हती, कारण यंत्रं थोडी आणि रांग मोठी. नेमके त्याच तीन दिवशी, साडेआठला, एम. ए.चे पहिले तास तुझे. तू कागद घेऊन बसलीस, पेन्सिलीने चौकोन आखलेस आणि मला दाखवलंस: सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी वर्ग रिकामे आहेत, मुलं मोकळी आहेत, कुणाचाही तास हलवावा लागत नाही. एकही तास कमी करू नका, फक्त दिवस बदला. एवढंच मागणं. मला वाटलं, यात नाही म्हणण्यासारखं आहेच काय!

सर नाही म्हणालेच नाहीत. सर कधीच नाही म्हणत नाहीत. त्यांनी तुला बसवलं, पाणी मागवलं, तुला पाणी मोजून प्यावं लागतं हे ऐकून ग्लास परत पाठवला आणि हळहळले. म्हणाले, अर्जी-वर्जी राहू द्या, घरचीच गोष्ट आहे, एडजस्ट कर लेंगे. एडजस्ट! आपल्याकडे सगळं त्याच्यावर चालतं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या शेतात धान कापणी, कुणाला नुसताच कंटाळा, तर दुसऱ्याने तास घ्यायचा, तिसऱ्याने कुणी विचारलं तर "अभी तो यहीं थे" म्हणायचं. कागदावर काही नाही. आणि मी खोटं कशाला बोलू, मलाही ते छान वाटलं. मंगळवारचा तुझा तास मी घ्यायला लागले, गुरुवारचा मोहनने घेतला, शनिवारी मुलांना ग्रंथालयात पाठवलं. तूही आधी सुटकेचा श्वास टाकलास. एका बुधवारी घरून पातोड्या करून आणल्यास सगळ्यांसाठी. तुला स्वतःला खाता येत नव्हत्या, तरी आणल्यास.

मग तुला ते हजेरीपुस्तक दिसलं.

आपला मोहन बिचारा मनाने लोण्याचा. विभागातला सगळ्यात तरुण, आणि अक्षर सगळ्यात सुंदर. त्याने काय केलं, तर ज्या दिवशी तू दवाखान्यात असायचीस त्या दिवशी तुझी सही ठोकायचा. अगदी हुबेहूब. तुझ्या 'कु'चा उकार तुझ्यापेक्षा झोकदार काढायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. त्याच्या हिशेबाने बहिणीसाठी भाऊ एवढं तर करतोच. तू त्याला विचारलंस तर तो लाजून म्हणाला, "इतना तो बनता है, मैडम."

तू लाल पेन घेतलास. त्याच्या समोर, माझ्या समोर, मागची पानं उलटत गेलीस आणि प्रत्येक खोट्या सहीवर रेघ मारून शेजारी लिहिलंस, 'अनुपस्थित, डायलिसिस'. खाली तुझी खरी सही. मोहनचं तोंड असं झालं जसं कुणी भर बाजारात थोबाडीत दिली. त्यानंतर तो तुझ्याशी धड कधी बोलला नाही. आणि विभागातले बाकीचे? आपण हिच्यासाठी इतकं केलं आणि ही आपल्यालाच चोर ठरवते, असं सुरू झालं. सरांचा चेहराही बदलला. तुम्हीच गैरहजर लिहिलंय ना, मग रजा लागेल, म्हणाले. शांतपणे म्हणाले, पाणी न मागवता.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. पण त्याचा कळस झाला तो त्या बसमध्ये. राज्याच्या सीमेपलीकडे, गोंदियाला, मोठ्या डॉक्टरांना दाखवून आपण परत येत होतो. राजेगावला बस थांबली, मी उतरून पेरू घेतले. तू एक हातात घेतलास, नाकाशी धरून खूप वेळ हुंगलास आणि परत दिलास, कारण पेरू तुला चालत नव्हता. मला ते बघवेना आणि बघवेना म्हणून मी तुझ्यावरच चिडले. होऊ दे ना व सही, तुह्यं काय जाते, तास तर मी घेऊनच राह्यली, असं काहीबाही बोलले. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

"तुले चालते," तू म्हणालीस. "तू सापडली तर लोक म्हणतीन, बाईचं चुकलं असन. मी सापडली तर म्हणतीन, पाहा, ह्या लोकाइचं असंच राह्यते. कोट्यातून येतेत अन् फुकटचा पगार खातेत."

"असं कोनी म्हणत नाही, कुंदा."

"तुह्यासमोर नाही म्हणत."

आपण एका बाकावर बसून एम. ए. केलं, एका विभागात लागलो, एका डब्यात जेवलो, आणि तरी माझ्या घरी देवघर होतं आणि तुझ्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध होते, याचा हिशेब माझ्यापेक्षा तुला जास्त ठेवावा लागत होता. ते मला त्या बसमध्ये कळलं. पण कळलं म्हणून पटलं असं नाही. थोड्या वेळाने मी म्हटलं, आधी जित्ती राह्य, मंग भांड. तू हसलीस. म्हणालीस, "भांडून राह्यली म्हणूनच जित्ती आहो."

इथे आपलं भांडण थांबलं ते थांबलंच. मला अजूनही तेच म्हणायचं आहे, कुंदा. तू मोहनला सही करू द्यायला हवी होतीस. कळतंय मला तू काय म्हणशील. मेहरबानी कव्हाही परत घेता येते, म्हणशील. आज सर आहेत, उद्या दुसरे येतील, त्यांना मी आवडले नाही तर? हे सगळं खरं आहे. पण तू असतीस. खोट्या सहीवर का होईना, असतीस. तुझ्या त्या खरेपणाचं लोणचं घालू का मी आता?

मग तू अर्ज केलास. रीतसर, हिंदीत, दवाखान्याचा कागद जोडून. आपल्याकडे अर्ज 'सविनय निवेदन है' असाच सुरू होतो, पण तू तो 'सूचित करती हूँ' असा सुरू केलास आणि त्यावरूनही आपलं वाजलं, पण ते सोड. अर्ज वर गेला आणि तिथेच बसला. तू विचारायला जायचीस, दोन मजले चढून. त्या बाबूने शेवटी तुला काय सांगितलं ते तू मला नक्कल करून दाखवलं होतंस, चष्मा नाकावर ओढून: "बीमारी बड़ी है मैडम, पर सूची में नहीं है." अपंगांच्या सवलतीची जी यादी असते तिच्यात तुझ्या रोगाचं नाव नव्हतं. तुझं म्हणणं, मी सवलत मागतच नाही, वेळापत्रक मागते. पण वेळापत्रक मागणाऱ्या माणसासाठी त्यांच्याकडे कुठला रकानाच नव्हता, तिथे घोडं पेंड खात होतं.

एकदा समितीपुढे बोलावलं. मी तुझ्याबरोबर आले होते, बाहेर बसले होते, दार अर्धं उघडं होतं. आतले कुणी वाईट बोलले नाहीत. सगळे सुसंस्कृत. एक म्हणाले, एकीसाठी समय-सारणी बदलली तर उद्या सगळेच मागतील. तू म्हणालीस, सगळ्यांच्या किडन्या खराब झाल्या तर जरूर बदला. आत कुणी हसलं नाही. बाहेर शिपाई हसला. खाली उतरताना तू कठड्याला धरून थांबत थांबत उतरलीस आणि तरी म्हणालीस की आपण चांगलं बोललो. हौ, चांगलं बोललीस. निकाल कधी आला नाही. नाही म्हटलं असतं तर कोर्टात तरी जाता आलं असतं. त्यांनी नाहीसुद्धा म्हटलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

रजा संपल्या. बिनपगारी रजेवर गेलीस तर घर कोण चालवणार होतं, तुझ्या आईला तुझ्याशिवाय कोण होतं? म्हणून तू तिसराच मार्ग काढलास, सगळ्यात वाईट. सकाळचं यंत्र सोडून दिलंस. साडेआठचे तास घ्यायचे आणि मग दवाखान्यातल्या बाकावर जाऊन बसायचं, कुणी आलं नाही, कुणाचं लवकर आटोपलं, तर त्या जागेवर तुला घेतील. कधी पूर्ण वेळ मिळायचा, कधी अर्धा, कधी नुसतं बसून परत. दवाखान्यातल्या नर्सबाई बिचाऱ्या ओरडायच्या तुला. तुझे पाय सुजायला लागले. फळ्यापाशी बोलता बोलता थांबायचीस आणि मुलांना म्हणायचीस, नकाशा नीट पाहा, म्हणजे तेवढ्यात तुला दम घेता यावा.

ती मुलं काही मूर्ख नव्हती. परसवाड्याहून येणारी एक मुलगी होती ना तुझी, कायम पुढे बसणारी, ती अंत्ययात्रेत माझ्या शेजारून चालत होती. ती म्हणाली, मॅडम नकाशा बघायला सांगायच्या तेव्हा आम्ही मुद्दाम खूप वेळ बघायचो. त्या मुलीने तुला जेवढं दिलं तेवढं अख्ख्या विद्यापीठाने दिलं नाही.

परीक्षा आल्या आणि पर्यवेक्षणाची ड्यूटी लागली. तुझं नाव यादीत सगळ्यांसारखंच, सकाळ-दुपार. मी सरांना जाऊन म्हटलं, कुंदाच्या जागी मला टाका. ते म्हणाले, टाकलं असतं, पण मॅडमना आवडणार नाही, त्या मग लाल पेन काढतील. हसून म्हणाले ते. त्या आठवड्यात तुला बाकावर बसायलाही सवड मिळाली नाही. शनिवारी ड्यूटी संपवून गेलीस तर यंत्र रिकामं नव्हतं. सोमवारी या, म्हणाले. रविवारी सकाळी तुझ्या आईचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. आई फक्त एवढंच म्हणाली, "ये व लवकर." मी आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसलेली होतीस आणि तशीच होतीस.

कागदावर लिहिलंय की हृदय बंद पडलं. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. मी डोक्यात कितीदा ते सगळे उभे केले, सर, बाबू, समितीतले ते सुसंस्कृत लोक, आणि एकेकाला विचारलं. एकही गुन्हेगार सापडत नाही, गं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. कुणी तुला मारलं नाही, फक्त कुणी पेन्सिलीने चौकोन बदलले नाहीत. याचा राग कुणावर काढायचा ते मला कळत नाही, म्हणून तो फिरून फिरून तुझ्यावरच येतो. माफ कर, किंवा नको करूस.

चांगलं काही आठवायचं ठरवते तर हट्ट्याची बावडी आठवते, ती पायऱ्यांची जुनी विहीर. मुलांची सहल नेली होती आपण. डॉक्टरांनी तुला पायऱ्या बंद केलेल्या, त्यामुळे तू वर काठावर बसलीस, डोक्यावर ओढणी, मांडीवर पाण्याची ती छोटी बाटली. मुलं खाली उतरली आणि तू वरून ओरडून सांगत होतीस, आता डावीकडे वळा, आता कमान दिसेल, तिच्या दगडावर हात फिरवा. तुला सगळं पाठ होतं, तू आधी कितीदा तरी आलेली. मुलं खालून ओरडत होती, "मैडम, दिख गया!" आणि तू वर बसून अशी खूष की जसं ते सगळं तूच बांधून ठेवलंय. मग माझा हात ओढून तू तुझ्या मनगटावर ठेवलास. डायलिसिससाठी शस्त्रक्रिया करून जोडलेली ती शीर आतून थरथरत होती, मांजर घुरघुरते तशी. "पाह्य," म्हणालीस, "माह्यं यंत्र चालूच राह्यते." मला तेव्हा भीती वाटली होती. आता वाटतं, अजून थोडा वेळ हात ठेवायला हवा होता.

एक गोष्ट तुला सांगायची आहे. शोकसभेनंतर चहा होता. चहा घेणाऱ्यांच्या घोळक्यात एकजण बोलला, बेचारी, आधे दिन तो आती नहीं थीं, फिर भी चल जाता था, कोटे वालों को कौन बोले. तो मला पाहूनही थांबला नाही. तू गेलीस आणि ज्यांच्यासमोर असं बोलता येतं त्यांच्यात आता माझी गणती झाली असावी. तू बरोबर होतीस, कुंदा. त्या बसमध्ये तू बरोबर होतीस. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीत बोलले, पण त्याला शब्द न् शब्द समजला. मोहनने त्याच्या हातातली कपबशी काढून घेतली आणि त्याला दार दाखवलं. मोहन रडत होता. हे तुला कळलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणून सांगितलं.

आणि आज सकाळी विभागाची बैठक झाली. तुझ्या जागेवर तूर्त एक अतिथी विद्वान येणार आहेत, तासांच्या मानधनावर शिकवणारे. गृहस्थ गोंदियाचे आहेत, तिकडच्या कॉलेजातही त्यांचे तास आहेत, मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी. सरांनी वेळापत्रक टेबलावर पसरलं, रबराने तीन चौकोन पुसले आणि तुझे तास सोमवार, बुधवार आणि शुक्रवार दुपारी लिहिले. वर्ग रिकामेच होते. मुलं मोकळीच होती. कुणाचाही तास हलवावा लागला नाही. चहा यायच्या आत काम झालं.

मी म्हटलं, सर, कुंदा हेच मागत होती. अगदी हेच चौकोन.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खोटं वाटावं असंही काही नव्हतं त्या बघण्यात. जसं मी काही विसरले आहे आणि ते मला आठवण करून देताहेत.

"तब तो मैडम थीं न," ते म्हणाले, "एडजस्ट हो जाता था."

मग त्यांनी ते वेळापत्रक शिपायाला दिलं आणि त्याने बाहेर नेऊन लावलं. येत्या मंगळवारी साडेआठला आपल्या विभागात कुणाचाही तास नाही, कुंदा. गुरुवारी नाही, शनिवारीही नाही.